नारायणगडावर नेमकी किती गर्दी होती? बीडची वृत्तपत्रं, मोबाइलवरच्या बातम्या आणि युक्रेनचा अनुभव

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा होता. बीड जिल्ह्यात त्या दिवशी दोन मोठे मेळावे झाले. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाट इथे भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडे यांचा आणि श्रीक्षेत्र नारायणगडावर मनोज जरांगे पाटील यांचा. तीनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. त्यामुळे दोन्हीकडच्या गर्दीला नुसत्या गर्दीपेक्षा जास्त अर्थ होता.

दुपारपासूनच मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागले. ड्रोनमधून घेतलेली दृश्यं, गाड्यांच्या रांगा, भाषणांचे तुकडे. सोबत आकडे, तेही लाखांत. ज्याला जो मेळावा आपला वाटत होता, त्याच्या ग्रुपवर तिथला आकडा मोठा. दुसऱ्या दिवशी बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर विषय एकच होता : जास्त माणूस कुणाकडे होतं?

हा प्रश्न मोजून सोडवता येतो. पण मोजायला वेळ, माणूस आणि पैसा लागतो. बीडसारख्या जिल्ह्यात बातमी आता फुकट आणि काही सेकंदांत मिळते, पण ती तपासण्याचे पैसे कोण देतं, हे कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे इथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या युक्रेनमधले पत्रकार गेली पंचवीस वर्षं याच प्रश्नाशी झगडत आहेत. तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं चालणार नाही, पण ते पाहण्यासारखं आहे.

आधी गडाबद्दल थोडं

नारायणगड हे वारकरी परंपरेतलं जुनं स्थान. नगद नारायण महाराजांचं हे संस्थान 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखलं जातं. भगवानगड उभारण्याआधी संत भगवानबाबा याच गडाशी जोडलेले होते. म्हणजे आज ज्या दोन गडांची नावं राजकारणात समोरासमोर घेतली जातात, त्यांचं मूळ एकमेकांत गुंतलेलं आहे.

दसऱ्याचा राजकीय मेळावा मात्र मूळचा भगवानगडाचा. गोपीनाथ मुंडे यांनी तो मोठा केला. २०१६ मध्ये गडावर राजकीय भाषण नको, अशी भूमिका महंत नामदेवशास्त्री यांनी घेतली आणि पुढच्या वर्षीपासून पंकजा मुंडे यांनी भगवानबाबांचं जन्मगाव असलेल्या सावरगाव घाटात मेळावा सुरू केला. नारायणगडावर जरांगे यांचा दसरा मेळावा २०२४ मध्ये पहिल्यांदा झाला.

मधल्या काळात जिल्ह्यात बरंच काही घडलं होतं. १ सप्टेंबर २०२३ ला शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी इथे आंदोलकांवर लाठीमार झाला. ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावमध्ये आमदारांची घरं जाळली गेली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. त्यानंतर कित्येक आठवडे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोस्टवरून गावागावांत तणाव होता. अशा ठिकाणी गर्दीचा आकडा चुकीचा छापणं ही साधी चूक राहत नाही.

गर्दी मोजतात कशी?

याचं सर्वांत प्रसिद्ध उत्तर एका पत्रकारानेच दिलं. हर्बर्ट जेकब्स हे अमेरिकेतले बातमीदार, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत पत्रकारिता शिकवायला लागले. १९६०च्या दशकात त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांची आंदोलनं व्हायची. चौकातल्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि एकूण चौकोनांनी गुणलं.

त्यातून एक ठोकताळा निघाला. माणसं मोकळी उभी असतील तर एकाला सुमारे १० चौरस फूट जागा लागते. दाट गर्दीत साडेचार चौरस फूट. खांद्याला खांदा लागून हलताही येत नसेल, तर अडीच.

आता हे गुंठ्यांत बघू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मोकळी गर्दी असेल तर गुंठ्यात साधारण १०९ माणसं, दाट असेल तर २४२, आणि चेंगराचेंगरीच्या बेतात असेल तर ४३५. एकराचं गणित केलं तर अनुक्रमे ४,३५६, ९,६८० आणि १७,४२४. म्हणजे मोकळ्या गर्दीत एक लाख माणसांना सुमारे २३ एकर लागतात. दाट गर्दीत साडेदहा एकरांच्या आत काम भागतं.

यात एक मेख आहे. सभेसाठी 'इतके एकर मैदान तयार केलं' असं आयोजक सांगतात, तेव्हा त्या एकरांत व्यासपीठ, रस्ते, पार्किंग, पाण्याचे टँकर हे सगळं धरलेलं असतं. भरलेली जागा वेगळी आणि आखलेली जागा वेगळी. शिवाय मैदान एकसारखं भरत नाही. व्यासपीठापुढे दाट आणि मागे विरळ असतं. ड्रोनचा व्हिडिओ तिरका घेतला की मागची विरळ माणसंसुद्धा दाट दिसतात. सरळ वरून घेतलेला फोटोच मोजणीच्या कामाचा.

दुसरी पडताळणी वाहनांची. पन्नास माणसांच्या बसमधून लाखभर लोक आले म्हणायचे, तर दोन हजार बस लागतात. दहाजणांच्या जीपमधून आले तर दहा हजार जीप. तितकी वाहनं कुठे उभी होती, हे विचारलं की बरेच आकडे आपोआप खाली येतात. काही वेळा उलटंही होतं, विरोधकांनी 'काही हजार' म्हणून उडवून लावलेली सभा प्रत्यक्षात मोठी निघते.

हे सगळं करायला एका बातमीदाराला किमान अर्धा दिवस हवा. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

बीडमध्ये बातमी कोण देतं?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या घरात, तालुके अकरा. राज्यभर जाणाऱ्या मोठ्या दैनिकांची जिल्हा पानं आहेतच. पण बीडची खासियत म्हणजे इथली स्थानिक दैनिकं. झुंजार नेता, चंपावती पत्र, पार्श्वभूमी, लोकाशा, प्रजापत्र, बीड रिपोर्टर ही नावं जिल्ह्यात कुणालाही विचारली तर माहीत असतात. एवढ्या लहान शहरात इतकी दैनिकं कशी चालतात, याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं.

राजकारण हे याचं एक कारण. बीडला राजकीय बातमीची भूक मोठी आहे. दुसरं कारण इतिहासात आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे मराठी पत्र काढणं सोपं काम नव्हतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' सुरू केलं, तेही संस्थानाबाहेर पुण्यातून. निजाम सरकार बंदी घालायचं आणि अंक नाव बदलून पुन्हा यायचा. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकपदाखाली हेच पत्र या भागाचा आवाज बनलं. हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ ला हत्या झाली. संस्थान भारतात सामील व्हावं, अशी त्यांची भूमिका होती. महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं.

म्हणजे बातमीसाठी जीव जाणं इथे नवीन नाही. नवीन आहे तो बातमीच्या मागचा हिशेब.

अंकाची किंमत काही रुपये. त्यात कागदाचाही खर्च निघत नाही. मग पैसा येतो जाहिरातींतून. त्यात पहिली सरकारी. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीत असलेल्या वृत्तपत्रांना अ, ब, क अशा वर्गवारीने शासकीय जाहिराती मिळतात. नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निविदा, कोर्टाच्या नोटिसा आणि जमिनीच्या व्यवहाराची 'जाहीर प्रगटनं' हा रोजचा आधार. दुसरी जाहिरात नेत्यांची. वाढदिवस आला की पुरवणी, आणि खाली शुभेच्छुकांची लांबलचक यादी. तिसरी स्थानिक व्यवसायांची : सराफ, दवाखाने, शिकवण्या, पतसंस्था.

तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती आणखी नाजूक असते. अनेकांना पगार नसतो, किंवा नावापुरता असतो. जाहिरात आणली की त्यावर कमिशन. म्हणजे ज्या सरपंचाच्या, कारखान्याच्या किंवा पुढाऱ्याच्या बातमीची पडताळणी करायची, त्याच्याच दारात दिवाळीला जाहिरातीसाठी जायचं. यात वार्ताहराला दोष देऊन हात झटकणं सोपं आहे. पण वर्षभराचं घर त्या कमिशनवर चालत असेल, तर त्याच्याकडून कोणती बातमी अपेक्षित ठेवायची?

ज्ञानराधा मल्टिस्टेटचं उदाहरण जिल्ह्यात अजून ताजं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कुटे ग्रुपवर आयकर विभागाची कारवाई झाली, ठेवीदार शाखांसमोर गर्दी करू लागले, पुढे शाखा बंद पडल्या आणि जून २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली. निवृत्तीचे पैसे, लेकीच्या लग्नाचे पैसे, ऊसतोडीच्या उचलीतून मागे टाकलेले पैसे अडकले. कोणत्या एका वृत्तपत्राकडे बोट दाखवण्याचा हा मुद्दा नाही. पण पतसंस्थेचा ताळेबंद वाचून, व्याजदर परवडतो कसा हे विचारणारी बातमी आधी यायला हवी होती. तशी बातमी करायला ताळेबंद कळणारा बातमीदार लागतो आणि जाहिरातदार गेला तरी अंक निघेल इतकी गंगाजळी लागते. छोट्या दैनिकाकडे सहसा दोन्ही नसतं.

जिल्ह्यातली मोठी बातमी बाहेरच्या वृत्तपत्राने काढल्याचंही उदाहरण आहे. एप्रिल २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी 'बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकाने लिहिलं. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सर्वेक्षण झालं. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ती बातमी आहे, हे मात्र बाहेरून यावं लागलं.

मग यूट्यूब आलं

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली. मुंबईत काही दिवस वृत्तपत्रं छापलीच गेली नाहीत. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकायला मनाई केली, नंतर ती शिथिल केली. त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतली दैनिकं पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागली. वाचकाला सवय लागली ती कायमची. सकाळी सात वाजता ग्रुपवर अंक येत असेल, तर पेपरवाल्याला महिन्याचं बिल कशाला द्यायचं?

त्याच्याच जोडीला यूट्यूब आणि फेसबुक लाइव्ह. एक मोबाइल, एक माइक आणि त्यावर चॅनेलच्या नावाचा बूम. एवढ्यावर चॅनेल उभं राहतं. याचा फायदा झाला हे मान्य करायला हवं. मुंबईच्या वाहिन्यांची गाडी ज्या वाडीवस्तीवर कधीच आली नसती, तिथला हंडामोर्चा आता थेट दिसतो. अंतरवाली सराटीच्या घटनेची दृश्यंही लोकांनी आधी मोबाइलवरच पाहिली.

पण इथे पैसे येतात ते बघणाऱ्यांच्या संख्येवर. संथ आवाजात 'दोन्ही मेळाव्यांना मोठी गर्दी होती, नेमका आकडा मोजता आलेला नाही' असं सांगणारा व्हिडिओ कोण बघणार? 'गडावर इतिहास घडला' असं लिहिलं की बघतात. त्यातून चॅनेलंही वाटली गेली, हे आपलं आणि ते त्यांचं.

न तपासलेल्या बातमीची किंमत महाराष्ट्राने एकदा फार मोठी मोजली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. अफवा मोबाइलवरून पसरली होती आणि ती खोटी असल्याचं सांगणारं त्या बाजारात कुणी नव्हतं.

युक्रेनचा इथे काय संबंध?

२००० च्या एप्रिलमध्ये गिओर्गी गोंगाद्झे या पत्रकाराने कीव्हमध्ये 'उक्राइन्स्का प्रावदा' नावाचं वृत्तपत्र सुरू केलं. ते छापलं जात नव्हतं, फक्त इंटरनेटवर होतं. त्या काळी आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर कॅफेसुद्धा नवलाईचे होते, हे लक्षात घ्या. टीव्ही वाहिन्या आणि मोठी वृत्तपत्रं बड्या उद्योगपतींच्या हातात होती. सरकारविरोधी बातमी छापखान्यात अडायची, म्हणून त्यांनी छापखानाच टाळला.

१६ सप्टेंबर २००० ला गोंगाद्झे बेपत्ता झाले. नोव्हेंबरमध्ये कीव्हबाहेरच्या जंगलात त्यांचा शिर नसलेला मृतदेह सापडला. हत्या करणारा पोलीस खात्यातला माजी जनरल ओलेक्सी पुकाच याला २०१३ मध्ये जन्मठेप झाली. त्याला हुकूम कुणी दिला, हा प्रश्न मात्र तिथे आजही विचारला जातो. याच वृत्तपत्राशी जोडलेले पत्रकार पावेल शेरेमेत यांचा २० जुलै २०१६ ला गाडीतल्या स्फोटात मृत्यू झाला. 'उक्राइन्स्का प्रावदा' मात्र बंद पडलं नाही. ते आज त्या देशातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या बातम्यांच्या संकेतस्थळांपैकी एक आहे.

तिथेही बातमीच्या वेषातली जाहिरात चालते. पत्रकार तिला 'जीन्सा' म्हणतात. आपल्याकडे 'पॅकेज' म्हणतात, एवढाच फरक. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं होतं की, तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला होता. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला, तो आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. आता निवडणूक काळात प्रत्येक जिल्ह्यात पेड न्यूजवर लक्ष ठेवणारी समिती असते. छापील मजकुरावर लक्ष ठेवणं तिला तुलनेने सोपं. एका तालुक्यात दिवसभरात किती लाइव्ह होतात, ते कोण मोजणार?

युक्रेनमधली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'कीव्ह पोस्ट' या इंग्रजी वृत्तपत्राच्या मालकाने अख्खा संपादकीय विभाग घरी पाठवला. त्याच पत्रकारांनी काही दिवसांत 'कीव्ह इंडिपेंडंट' सुरू केलं आणि वाचकांकडे थेट पैसे मागितले. बातमी सगळ्यांसाठी खुली, ज्याला जमेल त्याने महिन्याला वर्गणी द्यावी. तीनच महिन्यांत रशियाचं आक्रमण झालं आणि जगभरातून वर्गणीदार मिळाले.

याला भुलून जायचं कारण नाही. ते वृत्तपत्र इंग्रजीत आहे, त्याचे पैसे देणारे बरेचसे वाचक परदेशात आहेत. युक्रेनमधल्या जिल्हा पातळीवरच्या माध्यमांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतली अनेक परदेशी अनुदानावर चालत होती आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत गोठवल्यावर त्यांच्यावर वाचकांपुढे झोळी पसरायची वेळ आली. म्हणजे मालक गेला आणि दाता आला, तरी धास्ती उरतेच.

इंटरनेट बंद झालं तर?

३० ऑक्टोबर २०२३ च्या जाळपोळीनंतर बीडमध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. अफवा थांबाव्यात हा हेतू. पण इंटरनेट बंद झालं की अफवेबरोबर बातमीही थांबते. अफवा तोंडी पसरते, तिला डेटा पॅक लागत नाही. तोपर्यंत ज्याने पेपर बंद करून पीडीएफवर भागवायला सुरुवात केली होती, त्याच्याकडे दोन्ही उरलं नाही.

युक्रेनमध्ये सुमी प्रांतातल्या वेलिका पिसारिव्का या रशियाच्या सीमेलगतच्या गावातलं 'व्होर्स्कला' हे छोटं वृत्तपत्र याच कारणाने टिकून आहे. हल्ल्यांमुळे वीज आणि नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत छापील अंक पोचवला जातो. दुसऱ्या टोकाला, त्याच देशात टेलिग्राम हे बातमीचं मोठं साधन बनलं आहे आणि सुरक्षेच्या कारणावरून सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांच्या कार्यालयीन फोनवर त्याला बंदी घालावी लागली.

मस्साजोगने काय दाखवलं?

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या करण्यात आली. पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध तपासयंत्रणेने जोडला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विषय गाजला, मुख्यमंत्र्यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली, पोलीस अधीक्षकांची बदली झाली. ३ मार्च २०२५ ला दोषारोपपत्रातले हत्येच्या वेळचे फोटो बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

ही बातमी दाबली गेली नाही, याचं श्रेय गावकऱ्यांना, आवाज उठवणाऱ्या लोकप्रतिनिधींना आणि जिल्ह्यातल्या बातमीदारांनाही आहे. मोबाइलवरच्या बातम्यांचा वेग इथे कामी आला. पण त्याच वेगाने ते फोटोही फिरले. मारल्या गेलेल्या माणसाच्या मुलांच्या फोनवर आपल्या बापाचे ते फोटो येतील, याचा विचार फॉरवर्ड करणाऱ्यांनी केला नाही. वृत्तवाहिनीला निदान धूसर करून दाखवण्याचा संकेत पाळावा लागतो. ग्रुपला संपादक नसतो.

कायद्याच्या नजरेत पत्रकार कोण?

१८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरियॉडिकल्स कायदा, २०२३' लागू झाला. त्यात छापील नियतकालिकांची नोंदणी सोपी झाली. बातम्यांचं यूट्यूब चॅनेल सुरू करायला मात्र अशा नोंदणीची गरज नाही. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे आयटी नियम आहेत, पण त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. सरकारविषयीची बातमी खरी की खोटी हे केंद्राच्याच कक्षाने ठरवायचं, ही २०२३ ची दुरुस्ती तर याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. ते योग्यच झालं. सत्ताधाऱ्याविषयीच्या बातमीचा निवाडा सत्ताधाऱ्याकडेच कसा द्यायचा?

संरक्षणाची बाजू मात्र लंगडी आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, तो २०१९ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याची व्याख्या नोंदणीकृत वृत्तपत्र, वृत्तवाहिनी अशा माध्यमसंस्था आणि तिथे काम करणारे पत्रकार यांच्याभोवती फिरते. एकट्याने मोबाइलवर चॅनेल चालवणारा मुलगा वाळूच्या ट्रॅक्टरचं शूटिंग करताना मार खाऊन आला, तर तो पत्रकार ठरतो की नाही, इथून वाद सुरू होतो. आणि कायदा असूनही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला रिफायनरीविषयी लिहिणारे शशिकांत वारिशे गाडीच्या धडकेत मारले गेलेच. ते तर छापील वृत्तपत्राचे बातमीदार होते.

आता पुन्हा गडावर

२ ऑक्टोबर २०२५ च्या दसऱ्यालाही नारायणगड आणि सावरगाव घाट, दोन्हीकडे मेळावे झाले. त्या वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातलं सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला होता, जमिनी खरवडून गेल्या होत्या. तरीही दिवसभर मोबाइलवर तुलना पुन्हा गर्दीचीच चालली.

स्थानिक दैनिकाचा अंक हातात आला तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ जरूर वाचावी. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं, छापखान्याचा पत्ता, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणावर, आणि वाद झाल्यास तो बीड न्यायालयाच्या कक्षेत, हे सगळं तिथे असतं. बातमी खोटी निघाली तर जाब कुणाला विचारायचा, याचा तो पत्ता आहे. मोबाइलवर ज्या चॅनेलचा व्हिडिओ आला, त्याच्या माहितीच्या रकान्यातही एकदा जाऊन पाहावं. बऱ्याच ठिकाणी तिथे एकच ओळ सापडते : जाहिरातीसाठी संपर्क, आणि पुढे एक मोबाइल नंबर.